तात्यांना शाल नको, शेजारी माणूस द्या

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि संचालक मंडळातले सर्व सदस्य,
आपलं सार्वजनिक वाचनालय

आणि वाचनालयाच्या सगळ्या सभासदांना,

सप्रेम नमस्कार.

मी वाचनालयासमोरच्या शिलाईच्या दुकानातली. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरचे ब्लाउज, पोरांचे गणवेश, शिमग्याचे झगे माझ्या हातून गेले आहेत, तेव्हा वेगळी ओळख सांगत नाही. पाचवीपासून मी वाचनालयाची सभासद आहे. गेली एकोणीस वर्षं माझं मशीन अशा जागी आहे, की मान वर केली की समोरची चिऱ्याची पायरी दिसते. त्या पायरीवरून कोण चढतं, कोण उतरतं, हे जेवढं मी पाहिलंय तेवढं बहुधा कुणीच पाहिलेलं नसेल. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे.

येत्या १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, आपले ग्रंथपाल तात्या यांचा सत्कार करायचं तुम्ही ठरवलंय. फलकावर सूचना वाचली आणि मनापासून बरं वाटलं. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा हा जन्मदिवस. त्यांची तसबीर तात्यांनी घड्याळाच्या शेजारी लावली आहे, तिला दरवर्षी या दिवशी ते स्वतःच्या घरच्या अनंताची फुलं वाहतात. त्याच दिवशी त्यांच्या गळ्यात हार पडावा, हे योग्यच आहे. फ्लेक्सचा नमुनाही मी पाहिला. छापणारा मुलगा माप विचारायला माझ्याकडे आला होता. तात्यांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘आमचे प्रेरणास्थान’.

शब्द खरा आहे. माझ्यापुरता तर शंभर टक्के खरा आहे. पण तो वाचल्यापासून मला चैन पडेना. वाटलं, जे मनात आहे ते रविवारच्या सभेआधी सगळ्यांसमोर मांडावं. तात्यांना यातलं काही ठाऊक नाही. कळलं तर रागावतील. ‘माझ्यासाठी काही मागू नको गो बाय,’ असं ते मला याआधी दोनदा म्हणाले आहेत. त्यांचा शब्द मी पहिल्यांदाच मोडते आहे.

तात्या १९७१ साली शिपाई म्हणून लागले, तेव्हा बावीस वर्षांचे होते. पुढे सुट्टी काढून, एसटीने येऊन-जाऊन त्यांनी ग्रंथपालनाचं प्रमाणपत्र घेतलं. आज शहात्तरी चालू आहे. मधली चोपन्न वर्षं सकाळी आठला कुलूप उघडायचं, आधी हातात झाडू, मग चष्मा. झाडताना नजर जमिनीवर नसते, भिंतीवर असते. वाळवीची मातकट रेघ बोटभर वर आली की तिथेच थांबतात. कपाटं भिंतीपासून वीतभर लांब का ठेवलीत, हे मी त्यांना लहानपणी विचारलं होतं. म्हणाले, ‘भिंत पावसात पाणी पिते. कपाट तिला टेकलं की पुस्तकं पण प्यायला लागतात.’

आपल्याकडे पावसाळ्याआधीची आगोट म्हटलं की कौलं चाळायची, लाकूडफाटा भरायचा, आमसुलं, पापड डब्यात घालायचे. वाचनालयाची आगोट एकटे तात्या करतात. मे महिन्यात एकेक कपाट रिकामं करायचं, फळ्या पुसायच्या, पुस्तक हातात घेऊन मऊ ब्रशने वरची धूळ बाहेरच्या बाजूला झाडायची. वेखंडाची पूड पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून फळीच्या कोपऱ्यात. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला खालच्या खणात. त्या पुरचुंड्या मी शिवून देते, तेवढाच माझा हातभार. जुलैत झड लागली, चार चार दिवस ऊन दिसेनासं झालं, चपलांना बुरशी आली, की मला हटकून समोरच्या कपाटांची आठवण होते. पण तिथे बुरशी येत नाही. का येत नाही, याचा विचार आपण कधी केलाय का? येत नाही म्हणजे कुणीतरी ती येऊ देत नाही.

आता मी ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे मला तात्या खरे कळले.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. ती दुपार आपल्या दापोली-मंडणगड पट्ट्यात कुणी विसरलेलं नाही. माड मोडले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे कागदासारखे उडाले. मार्चपासून वाचनालय टाळेबंदीत बंद होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यात पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत तात्या आले, अंगावर इरलं, हातात कोयती. उत्तरेकडची कौलं सगळी गेली होती. तीन कपाटं आतून-बाहेरून भिजलेली. मी दुकानाची भिजलेली बंडलं बाहेर काढत होते. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘पांढरं कापड किती आहे तुझ्याकडे?’

मी रंगीत कटपिसांचा ढीग दाखवला. नको म्हणाले, रंग जाईल, पानांना लागेल, पांढरंच दे. अस्तराचा एक अख्खा तागा मी फाडला. टिपकागद म्हणून वर्तमानपत्रं वापरायची, तर टाळेबंदीत वर्तमानपत्रंच येत नव्हती. जुनी रद्दी होती ती पुरली नाही. मग दहा-दहा पानांमध्ये अस्तराचा तुकडा, दोन तासांनी तो काढून दुसरा, पहिला दोरीवर वाळत. वीज यायला आमच्याकडे महिना उलटला, तेव्हा पंखा कुठला! पुस्तक उभं करायचं, पानं पंख्यासारखी मोकळी सोडायची आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवून वाऱ्यावर भरवसा. ज्या वाऱ्याने घात केला त्याच वाऱ्यावर.

त्यात एक क्रम होता. मी हाताला येईल ते उचलत होते, त्यांनी मला थांबवलं. आधी गुळगुळीत कागदाची पुस्तकं काढायला लावली, कारण तो कागद एकदा चिकटून सुकला की पानं सुटी होत नाहीत. मग दाखल नोंदवह्या. मग जुन्या मासिकांचे बांधीव खंड आणि गावातल्या संस्थांच्या स्मरणिका. ज्या कादंबऱ्यांना सगळ्यात जास्त मागणी होती, त्या शेवटी. मी विचारलं तर म्हणाले, ‘त्या दुकानात मिळतील. ही स्मरणिका मिळेल का?’ वादळाच्या दुसऱ्या दिवशी, स्वतःच्या पडवीचं छप्पर उडालेलं असताना या माणसाच्या डोक्यात हे इतकं स्वच्छ होतं.

पंधरा दिवस आम्ही ते काम केलं. पानं जवळजवळ सुकली की त्यांच्या लाटा मोडायच्या. त्यासाठी माझी कोळशाची इस्त्री काढली, कित्येक वर्षं माळ्यावर पडलेली. ती नुसती कोमट ठेवायची, गालाजवळ नेली तर ऊब लागावी इतकीच. खाली मऊ घडी हवी होती. तात्यांनी कपाटावरून एक शाल आणली. कसल्याशा कार्यक्रमात त्यांना मिळालेली, कोरी, घडीही न मोडलेली. तिच्यावर पान, पानावर पांढरं कापड, कापडावरून इस्त्री. तोंडाला मी शिवलेले मास्क दोघांच्याही, बुरशीच्या धुळीसाठी तेही कामाला आले. दोनशेच्या वर पुस्तकं आम्ही वाचवली. अकरा नाही वाचली. त्या प्रत्येकापुढे नोंदवहीत तात्यांनी लाल शाईने लिहिलं, ‘निसर्ग वादळात भिजून निकामी’, आणि तारीख. लिहिताना दर नावाला थोडं थांबत होते.

तेव्हा माझं मन फार वाईट अवस्थेत होतं. लग्नसराई बुडालेली, दुकानाचं भाडं थकलेलं, मुंबईला असलेल्या नवऱ्याचं काम बंद. रात्री झोप लागायची नाही. पण सकाळी आठला समोर कुलूप उघडल्याचा आवाज आला की उठून जायचे. त्या पंधरा दिवसांत तात्यांनी मला धीराचं एक वाक्यसुद्धा सांगितलं नाही. फक्त पुढचं पुस्तक हातात दिलं. त्यावर मी उभी राहिले. प्रेरणा वगैरे मोठा शब्द मला तेव्हा सुचला नसता. एवढंच कळत होतं, की हातातलं पान नीट सुकवायचंय.

दुसऱ्या वर्षी २२ जुलैला चिपळूण बुडालं. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. त्याच संस्थेने २०१३ साली साहित्य संमेलन भरवलं होतं, तेव्हा तात्या तिन्ही दिवस जाऊन आले होते. पुराची बातमी कळली, रस्ता सुरू झाला, तसे हे पिशवीत सुया, मेण लावलेला दोरा आणि माझ्याकडचं अस्तर घेऊन गेले. दोन दिवसांनी परत आले ते चिखलाने माखलेले. म्हणाले, ‘तिथली माणसं कमरेएवढ्या चिखलातून पुस्तकं वेचतायत. आपली कौलंच गेली होती गो.’ कुणी बोलावलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं. तुमच्यापैकी कितीजणांना हे आजच कळत असेल, मला ठाऊक नाही.

रोजच्या कामातलं एक उदाहरण सांगते, कारण वादळं काही रोज येत नाहीत.

तात्या पुस्तकं स्वतः बांधतात. मैदा पाण्यात कालवून, चिमूटभर मोरचूद टाकून, मंद आचेवर काचेसारखी दिसेपर्यंत खळ ढवळायची. मोरचुदामुळे कसर लागत नाही. जुनी शिवण सोडून जुज, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या घड्या, वेगळे करायचे, फाटलेल्या कण्याला पातळ कागदाची पट्टी, मग पुन्हा सुईदोऱ्याने जुजबंदी, पाठीला मांजरपाट, पुठ्ठा, आणि रात्रभर दगडी पाट्याखाली दाब. मागच्या पावसाळ्यात त्यांनी एक पुस्तक असं पूर्ण बांधून काढलं, सकाळी पाट्याखालून उचललं आणि चाळताना दिसलं की मधला एक जुज उलटा शिवला गेलाय. नजर आता पहिल्यासारखी नाही. तारीखपट्टीवर मी पाहिलं, ते पुस्तक शेवटचं १९९४ साली कुणीतरी नेलं होतं. मी म्हटलं, ‘राहू दे ना तात्या, कोण नेतंय ते?’ ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, ‘कुणी मागितलं नाही, म्हणून उलटं राहू द्यायचं?’ आणि सगळी शिवण उसवली.

मी दुकानात आले. मशीनवर एका ब्लाउजचं अस्तर होतं, बाहीत जरासं ओढलं गेलेलं. बाहेरून कळलंही नसतं. गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं. मी बाही उसवली. त्या दिवसापासून आतली शिवण बाहेरच्या शिवणीसारखीच घालते. कुणाला दिसत नाही, मला ठाऊक असतं. माझ्या कामाचा वेग थोडा कमी झाला, पण दुरुस्तीला परत येणारे कपडेही कमी झाले. तात्यांकडून मी जे घेतलं ते असं आहे, बोटांत बसलेलं.

आणखी एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहिते. दरवर्षी ग्रंथपडताळणी झाली की तात्या ‘येणे’ची यादी करतात. कुणी कधी नेलं आणि परत केलं नाही. ती यादी नव्या वर्षाच्या वहीत ते पुन्हा हाताने उतरवून काढतात. मागे एकदा सभेत कुणीतरी म्हणालं, इतकी जुनी येणी कसली ठेवता, काढून टाका. तात्यांनी नियमाप्रमाणे जे निर्लेखित करायचं ते केलं, पण यादी ठेवली. तीन वर्षांपूर्वी गणपतीत एक चाकरमानी आला, साठीच्या आसपासचा. बारावीत असताना नेलेलं गणिताचं पुस्तक घेऊन. आई गेल्यावर घर आवरताना सापडलं म्हणाला. दंड किती झाला असेल ते द्यायला पाकीट काढून उभा. तात्यांनी वही उघडली, बोट खाली नेत नेत त्याच्या नावावर आणलं. ते नाव त्या वर्षीही त्यांनी उतरवलं होतं. माणूस ते पाहून पायरीवर बसला आणि रडायला लागला. त्याला दंड झाला नाही. तात्यांनी नावापुढे ‘जमा’ लिहिलं, शिक्का मारला आणि विचारलं, ‘पुढे गणित केलंस का?’ तो कुठल्याशा कंपनीत हिशेबनीस होऊन निवृत्त झाला होता.

आपल्या गावात अशी एक वही आहे जिच्यात तुमचं नाव चाळीस वर्षं कुणी पुसत नाही. मला याचा फार आधार वाटतो.

तात्यांकडे दुसरीही एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. वाचकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, असं काहीही त्यात लिहितात. कुणाला मधमाशीपालन हवं होतं, हर्णैच्या एका पोराला बोटीच्या इंजिनाच्या दुरुस्तीचं, कुणाला तलाठी भरतीच्या जुन्या प्रश्नपत्रिका. पुस्तक मिळालं की समोर बरोबरची खूण, आणि त्या माणसाला निरोप. कधी सहा महिन्यांनी, कधी चार वर्षांनी. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ते आपल्या भिंतीवर रंगवलेले आहेतच, त्यातलेच हे दोन: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. रंग उडालाय. तात्यांच्या निळ्या वहीत मात्र ते अजून ताजे आहेत.

टाळेबंदीतही वाचक थांबले नाहीत, कारण तात्या थांबले नाहीत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दाराला कापडी पिशवीत पुस्तकं अडकवून यायचे, आठवड्याने पिशवी बदलायची. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९१० नंतर पेट्या भरून गावोगाव पुस्तकं पाठवली, तशी ही माझी पेटी, असं हसून सांगायचे. १५ ऑक्टोबर २०२० ला सरकारने ग्रंथालयं उघडायला परवानगी दिली, तो नेमका वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी मी पहिल्यांदा समोर गर्दी पाहिली.

आता तुमच्याशी बोलते, मंडळींनो.

तुम्ही कुणी परके नाही. स्वतःचे उद्योग सांभाळून, फुकट, वाचनालयासाठी वेळ देता. वादळानंतर कौलं चढवायला देणग्या तुम्हीच गोळा केल्यात, हे मी विसरलेले नाही. पण दर वार्षिक सभेत मी एक वाक्य ऐकत आलेय: ‘तात्या आहेत तोवर काळजी नाही.’ प्रेमाने म्हणतो आपण सगळे, मीही म्हटलंय. त्या वाक्याने आपलं काय केलं ते बघा. काळजी नाही म्हणून दुसरा माणूस नेमला नाही. शिपायाची जागा पाच वर्षं रिकामी आहे. सहायक ठेवायचा ठराव दोनदा पुढे ढकलला. शहात्तर वर्षांचा माणूस अजून लाकडी शिडीवर चढून वरच्या खणातलं पुस्तक काढतो. गेल्या मे महिन्यात आगोटीच्या कामात शिडी सरकली. मी आवाज ऐकून धावले. नशीब, कमरेला नुसता मुका मार लागला. दुसऱ्या दिवशी आठला कुलूप उघडलं. आपण त्यालाही ‘काय तो उत्साह’ म्हटलं. तो उत्साह नव्हता. ‘मी नाही आलो तर उघडणार कोण,’ हा त्यांचा सरळ प्रश्न होता, आणि त्याला आपल्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांचं मानधन सगळ्यांना ठाऊक आहे, इथे आकडा लिहून त्यांना ओशाळं करायचं नाही मला. एवढंच म्हणते, दिवाळीच्या महिन्यात मी नुसत्या ब्लाउजवर त्याहून जास्त मिळवते. मान्यताप्राप्त ग्रंथालयांतले कर्मचारी सरकारी नोकर नाहीत, त्यांची वेतनश्रेणीची मागणी कित्येक वर्षं नुसती मागणीच आहे, अनुदान हप्त्याने आणि उशिरा येतं, हे मला समजतं. पण २०२२-२३ पासून सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली, तीही वार्षिक अहवालात वाचलीय. पुस्तकं वाढली, खुर्च्या आल्या, रंग झाला. माणूस वाढला नाही.

आणि हा प्रश्न नुसत्या दयेचा नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्याला मान्यता आहे, ‘ब’ वर्ग आहे. तो वर्ग टिकवायला ग्रंथसंख्या लागते, नियतकालिकं लागतात, ठरलेले तास दार उघडं लागतं आणि कर्मचारी लागतात. उद्या तात्यांना नुसता ताप आला तरी यातलं काय उरतं, याचा हिशेब करून बघा. आपल्या रत्नागिरीतलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे. एवढी वर्षं संस्था उभी राहते ती एका माणसाच्या कमरेवर नाही. दर पिढीत कुणीतरी आधीच्याच्या शेजारी बसून काम उचललं, म्हणून राहते. तात्याही असेच कुणाच्या तरी शेजारी बसून शिकले. खळ करायला त्यांना आधीच्या ग्रंथपालांनी शिकवलं होतं, मोरचूद किती घालायचं ते अजूनही त्यांच्याच मापाने घालतात, एका जुन्या पितळी चमच्याने. तो चमचा पुढे कुणाच्या हातात जाणार?

म्हणून माझं मागणं आहे, की १२ ऑगस्टला जो खर्च ठरलाय, मांडव, फ्लेक्स, शाल, सन्मानचिन्ह, अल्पोपाहार, तो साधा करा. हार घाला, पेढा द्या, फुलं द्या. त्या दिवशी व्यासपीठावरून एक नेमणूकपत्र वाचून दाखवा. पूर्ण वेळ सहायक, पगारी, किमान दोन वर्षं तात्यांच्या हाताखाली. अनुदानात बसत नसेल तर उरलेल्याची वर्गणी आपण सभासद काढू. माझे दरमहा तीनशे रुपये पहिले धरा, आजपासून. तात्यांचं मानधनही सभेत उघडपणे चर्चेला घ्या, त्यांना दालनाबाहेर बसवून नव्हे, मानाने समोर बसवून. आणि ती शिडी आधी बदला. रविवारची सुद्धा वाट बघू नका.

तुम्ही म्हणाल, कोण येणार हल्ली पुस्तकं सांभाळायला? येणारं माणूस आहे, म्हणून तर एवढं धीराने लिहितेय.

आपल्याच वाडीतली एक मुलगी गेल्या नोव्हेंबरपासून संध्याकाळी वाचनालयात येऊन बसते. बारावी झाली आहे. आधी अभ्यासाला यायची, आता तात्यांच्या हाताखाली काम करते. मीही दुकान बंद केल्यावर जाते. खळ करायला आम्ही दोघी एकत्रच शिकलो. माझी दोनदा तळाला लागली. तिची पहिल्याच वेळी काचेसारखी उतरली. तात्यांनी बोटावर घेऊन पाहिली, दोन बोटं जोडली, उघडली, तार धरली की नाही ते बघितलं, आणि काही न बोलता पितळी चमचा तिच्या बाजूला सरकवला. गेल्या आठवड्यात ‘येणे’ची यादी तिने उतरवायला घेतली आहे. अक्षर सुवाच्य आहे. तात्या शेजारच्या खुर्चीत बसून जुन्या वहीतून नावं वाचतात, ती लिहिते. मध्येच कुठल्या तरी नावावर थांबून तात्या तिला त्या माणसाची गोष्ट सांगतात. मशीन बंद करून मी ऐकत बसते.

तिला ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग करायचा आहे. पण घरची परिस्थिती तुम्ही जाणता. मुंबईला मावशीने एका दुकानात तिच्यासाठी नोकरी बघून ठेवलीय, सोमवारी सकाळच्या गाडीचं तिकीट काढायचं म्हणतायत. परवा तिने मला विचारलं, ‘ताई, इथे काही होईल का गो?’ मी तिला म्हटलं, रविवारपर्यंत थांब.

तेव्हा रविवारी सभा संपल्यावर तुमच्यापैकी कुणीतरी पायरी उतरून माझ्या दुकानात या. मी मशीनवरच असेन. तिकीट काढू द्यायचं की नाही, तेवढं तिच्या आईला जाऊन सांगायचंय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
समोरच्या शिलाईच्या दुकानातली एक सभासद